यंत्र आमचे, किल्ली कोणाची?



2025-26 च्या हंगामासाठी सरकारने मध्यम धाग्याच्या कापसाला 7,710 रुपये आणि लांब धाग्याच्या कापसाला 8,110 रुपये हमीभाव जाहीर केला. हा भाव पदरात पाडून घ्यायचा तर भारतीय कपास निगमच्या केंद्रावर माल न्यायचा, आणि केंद्रावर न्यायचा तर त्याआधी 'कपास किसान' नावाच्या ॲपवर मोबाइलमधून नाव नोंदवायचे, असा नियम त्याच हंगामात आला. पेरा सातबाऱ्यावर चढवायचा तर 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणीचे ॲप आहेच. (त्याच हंगामात, ऑगस्ट 2025 मध्ये, परदेशी कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क उठवले गेले, त्यासाठी मात्र कोणाला ॲप उतरवावे लागले नाही. तो विषय वेगळा, आज त्याला हात घालत नाही.)

मंगरूळपीर तालुक्यातल्या एका मायबहिणीची गोष्ट सांगतो. पाच एकर कोरडवाहू, त्यात पऱ्हाटी आणि तूर. हातात 2017 साली घेतलेला मोबाइल. काच शाबूत, बॅटरी दिवसभर टिकते, बोललेले स्वच्छ ऐकू येते. एक सरकारी ॲप उतरवायला गेल्या तर फोनने उत्तर दिले, हे ॲप तुमच्या फोनवर चालणार नाही. पोराला दाखवले, सेवा केंद्रावर दाखवले, बाजारातल्या दुकानदाराला दाखवले. सगळ्यांचे मत एकच: नवा घ्या. घेतला, आठ हजारांचा. म्हणजे एक क्विंटल कापूस. ज्वारीत मोजायचे तर 2025-26 च्या 3,699 रुपयांच्या हमीभावाने दोन क्विंटलांहून जास्त. आणि हमीभावाने ज्वारी किती जणांची जाते हे मी तुम्हाला सांगायला नको. जुना फोन त्यांनी तालुक्याच्या बैठकीत माझ्यापुढे ठेवला आणि विचारले, "भाऊ, याचं मोडलं तरी काय?"

प्रश्न साधा होता, पण त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. दोन महिने माहीतगारांकडे खेटे घालून, पोरांबरोबर बसून जे समजले ते या अंकात मांडतो आहे.

त्या फोनचे काहीही मोडलेले नव्हते.

मोबाइल किंवा टॅबलेट म्हणजे हातात मावणारा संगणकच. आत चिप असते, पडदा असतो, कॅमेरा, स्मृती, रेडिओ असतो. ही झाली कामाची माणसे. कोणी कधी काय करायचे हे सांगणारा एक कारभारी लागतो. त्या कारभाऱ्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. आपल्याकडच्या बहुतेक फोनमधला कारभारी ॲन्ड्रॉइड. गूगल दरवर्षी त्याची नवी आवृत्ती काढते आणि तिचा मूळ आराखडा जगापुढे खुला ठेवते. ती आवृत्ती आपापल्या फोनला बसवून देणे हे फोन विकणाऱ्या कंपनीचे काम. स्वस्तातल्या फोनच्या कंपन्यांनी हे काम वर्ष-दोन वर्षे, फार तर तीन वर्षे केले आणि सोडून दिले. त्यांना फोन विकायचे असतात, कारभारी सांभाळायचे नसतात.

कारभारी म्हातारा झाला की ॲप करणारे त्याच्याशी बोलणे सोडतात. व्हॉट्सॲपने 1 जानेवारी 2025 पासून ॲन्ड्रॉइड 4.4 चे फोन सोडले. आणखी एक गोष्ट तर बहुतेकांना दिसतही नाही. वेबसाइट खरी की खोटी हे फोन तिच्यावरच्या शिक्क्यावरून ओळखतो आणि खऱ्या शिक्क्यांची एक वही फोनच्या पोटात असते. लेट्स एन्क्रिप्ट ही जगातल्या असंख्य वेबसाइटना फुकट शिक्का देणारी संस्था. ॲन्ड्रॉइड 7.1 च्या आधीच्या फोनच्या वहीत तिचा नवा शिक्का नाही. जुन्या शिक्क्याच्या आधाराने काम चालले होते. ती सोय 30 सप्टेंबर 2024 ला संपली. त्यानंतर धडधाकट फोनसुद्धा चांगल्या वेबसाइटला चोर समजू लागले. गिऱ्हाईक म्हणतो फोन बिघडला, दुकानदार म्हणतो नवा घ्या.

वावर तेच, बैल तेच, तिफण तीच. फक्त कारभारी म्हातारा झाला म्हणून कोणी वावर विकत नाही. दुसरा कारभारी ठेवतो. मग फोनमध्ये तसे करता येत नाही का?

येते. आणि ते आपल्या महाराष्ट्रातच, सरकारी टॅबलेटवर, करून दाखवलेले आहे.

'आकाश' टॅबलेटची जाहिरात तुम्हाला आठवत असेल. 5 ऑक्टोबर 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांनी जगातला सर्वांत स्वस्त टॅबलेट म्हणून तो पुढे आणला. पहिला आकाश इतका सुस्त होता की पोरांनी तो दप्तरात टाकला तो टाकलाच. सुधारलेला आकाश-2 हा 11 नोव्हेंबर 2012 रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते निघाला. सात इंची पडदा, 512 एमबी स्मृती, सरकारला पडलेली किंमत 2,263 रुपये. अभियांत्रिकी महाविद्यालयांपर्यंत एक लाख टॅबलेट पोचवण्याचे आणि त्यांवर शिकवण्याजोगे काही तयार करण्याचे काम मुंबईच्या आयआयटीकडे, प्राध्यापक दीपक फाटक यांच्या चमूकडे होते.

टॅबलेटमध्ये कंपनीने ॲन्ड्रॉइड घातलेले होते. त्यावर गाणी ऐकता येत, चित्रे पाहता येत. पण पोरांना प्रोग्राम लिहायला शिकवायचे तर पुरा संगणक हवा. मुंबईच्या चमूने त्या टॅबलेटवर लिनक्स बसवले. लिनक्स म्हणजे 1991 मध्ये फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलेली आणि पुढे जगभरच्या हजारोंनी वाढवलेली प्रणाली. तिची मूळ संहिता कोणीही घ्यावी, बदलावी आणि वाटावी. अट एवढीच, की बदललेली वाटली तर पुढच्यालाही तीच मोकळीक द्यायची. गंमत अशी की ॲन्ड्रॉइडच्या पोटातही लिनक्सचाच गाभा आहे.

हे जमले कसे, ते नीट ऐका, कारण साऱ्या विषयाची गोम तिथे आहे. आकाश-2 मधली चिप चालू होताना आधी बाजूच्या खाचेतल्या मेमरी कार्डाकडे पाहते. कार्डावर कारभारी असेल तर त्याला कामाला लावते. नसेल तर पोटातल्या ॲन्ड्रॉइडकडे वळते. दारावर कुलूप नाही. कार्डावर लिनक्स उतरवायचे, कार्ड खाचेत घालायचे, बटन दाबायचे: टॅबलेटचा संगणक झाला. कार्ड काढले की पुन्हा ॲन्ड्रॉइड. पोटातले काही पुसले नाही, बिघडायची भीती नाही, कोणाची परवानगी नाही. चार हजार रुपयांखालच्या यंत्रावर पायथन, सी, सायलॅब चालले.

आकाशची योजना पुढे विरली. योजना विरतातच. पण ती चिप मेली नाही. त्या जातीच्या चिपांची माहिती जगभरच्या हौशी लोकांनी गोळा केली, लिनक्सच्या मुख्य गाभ्यात तिची सोय झाली, आणि बारा-तेरा वर्षांपूर्वीच्या त्या चिपवर आजचे लिनक्स चढते. कंपनीने सोडले, सरकारने सोडले, तरी यंत्र जिवंत राहिले. दाराला कुलूप नव्हते म्हणून राहिले. एखाद्या महाविद्यालयाच्या फडताळात असे टॅबलेट पडले असतील तर भंगारात देऊ नका. मात्र खोटी आशाही लावत नाही. 512 एमबीत आजच्या जड वेबसाइट रडतखडत चालतात, आणि पीक पाहणीला लागणारा मागचा कॅमेरा व जीपीएस त्यात नाही. पावसाची नोंद, गटाचा हिशेब, सातबाऱ्याच्या प्रती, पोरांचा अभ्यास एवढ्याला तो पुरतो.

आता आपल्या हातातल्या फोनकडे येऊ. फोनसाठी सर्वांत चालता पर्यायी कारभारी म्हणजे लिनिएजओएस. त्याची कुळकथा बघण्यासारखी आहे. 2009 मध्ये अमेरिकेतल्या स्टीव्ह कोंडिक यांनी ॲन्ड्रॉइडच्या खुल्या संहितेवरून सायनोजेनमॉड ही प्रणाली काढली. लोकांना ती आवडली, हजारोंनी हातभार लावला. पुढे तिच्या नावावर कंपनी उभी राहिली आणि कंपनी आली की हक्काचे भांडण आले. डिसेंबर 2014 मध्ये तर भारतात सायनोजेनचे फोन एकट्याने विकायचा मक्ता कोणाचा यावरून मायक्रोमॅक्स आणि वनप्लस दिल्ली उच्च न्यायालयात गेले. खुल्या संहितेवर एकाधिकार! एकाधिकार खरेदीत तीस वर्षे कापूस घातलेल्या आपल्याला यात नवल वाटू नये. 31 डिसेंबर 2016 ला कंपनीने सेवा बंद केली. पण संहिता लोकांकडे होती. त्याच महिन्यात तिच्यावरून लिनिएजओएस उभे राहिले आणि आजही चालू आहे. कंपनी गेली, बियाणे उरले.

रिसोड तालुक्यातल्या एका कार्यकर्त्याचा मुलगा पदविका अभियंता आहे. त्याच्यासमोर आम्ही तीन जुने फोन ठेवले. पहिले काम फोनचा नेमका मॉडेल क्रमांक पाहण्याचे. डब्यावर नाव एकच असते, पण आत दोन-तीन वाण असतात, आणि प्रत्येक वाणाला वेगळी फाइल लागते. मग आपला वाण लिनिएजओएसच्या यादीत आहे का ते पाहायचे. नसेल तर विषय तिथेच संपला. कुठूनतरी मिळालेली फाइल टाकू नये. असेल तर फोनमधले फोटो, नंबर, कागद दुसरीकडे काढून ठेवायचे, कारण पुढच्या पायरीत सगळे पुसले जाते. सेटिंगमधल्या 'बिल्ड नंबर'वर सात वेळा बोट टेकवले की एक लपलेले पान उघडते. त्यात 'ओईएम अनलॉकिंग' चालू करायचे. फोन वायरने संगणकाला जोडायचा आणि बूटलोडरचे कुलूप उघडायचे. बूटलोडर म्हणजे फोन जागा होताना सर्वांत आधी उठणारा पहारेकरी. कोणत्या कारभाऱ्याला आत घ्यायचे हे तो ठरवतो. तो एकदा बाजूला झाला की आधी रिकव्हरी नावाचा छोटा प्रोग्राम टाकायचा, त्यातून जुने साफ करायचे आणि नवी प्रणाली आत पाठवायची. गूगलचे ॲप-दुकान हवे असेल तर ते वेगळे घालावे लागते, आणि फोन पहिल्यांदा नव्याने चालू होण्याआधीच.

पहिला फोन, मंगरूळपीरच्या मायबहिणीचा, दीड तासात उठून बसला. नाकारलेले सरकारी ॲप त्यावर उतरले आणि चालले. त्यांच्या बँकेच्या ॲपने मात्र दार लावून घेतले. कुलूप उघडलेल्या फोनवर पुष्कळ बँकांची आणि पैसे पाठवायची ॲप चालायला नकार देतात. फोटोही थोडे मळकट आले. दुसऱ्या फोनच्या कंपनीने किल्ली द्यायचेच बंद केलेले. तो आहे तसाच परत दिला. तिसरा माझा स्वतःचा. वाण वाचताना चूक झाली, माझीच झाली, आणि त्याची वीट झाली. जगभरचे जाणकारही अशा फोनला वीटच म्हणतात, म्हणजे इंग्रजीतली. म्हणून पहिला सल्ला: घरात एकच फोन असेल आणि त्यावर बँक असेल तर त्याला हात लावू नका. बाजूला पडलेल्या जुन्यावरच हे करा, आणि करणारा माणूस जवळ बसवून करा.

त्या दुसऱ्या फोनने मला विचारात पाडले. पहिल्या आणि दुसऱ्यात यंत्र म्हणून काही फरक नव्हता. एकाची किल्ली मिळाली, एकाची नाही, एवढाच फरक. हुआवेने 2018 मध्ये कुलूप उघडायचे संकेतांक देणे बंद केले. एलजीने फोनचा धंदा सोडला आणि 31 डिसेंबर 2021 ला किल्ली देणारी सेवाही बंद केली. दुकान बंद करणारा मालक आधी विकलेल्या तिजोऱ्यांच्या किल्ल्या गिऱ्हाइकांना देऊन जातो की विहिरीत टाकून जातो?

कृषी पदवीच्या वर्गात संकरित वाणाचा धडा आम्हाला मोठ्या अभिमानाने शिकवला गेला. 1964 ची सीएसएच-1 ज्वारी, 1970 चा एच-4 कापूस. संकरिताचे बी घरी धरले तर पुढच्या पिढीत झाडे एकसारखी येत नाहीत, उतारा घसरतो. म्हणून दर मिरगाला नवे बी विकत घ्यायचे. तेही एक कुलूपच. पण ते निसर्गाने घातलेले आहे आणि त्याच्या बदल्यात पहिल्या वर्षी पदरात जास्त पीक पडते. कास्तकाराने हिशेब केला आणि खुशीने पैसे मोजले. सरळ वाण हवा असेल तर आजही तो ठेवायला मोकळा आहे. 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने तर, कंपनीच्या ब्रँडखाली विकायचे नसेल तर, संरक्षित वाणाचेही बी राखायला, पेरायला, देवघेव करायला आणि विकायला आपल्याला हक्क दिला आहे. फोनचे कुलूप निसर्गाचे नाही. ते माणसाने घातले आहे, त्याच्या बदल्यात उतारा वाढत नाही, आणि यंत्राची पूर्ण किंमत मोजलेल्या मालकाला ते उघडायचा हक्क कोणत्याच कायद्याने दिलेला नाही.

शरद जोशींनी तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य मागितले ते बियाण्यापुरते नव्हते. पण आपण ते बियाण्यावरच लढलो. जून 2019 मध्ये अकोट तालुक्यात बंदी असलेले कापसाचे बियाणे उघड पेरून गुन्हे अंगावर घेतले. नवे तंत्र वापरू द्या, ही त्या वेळची मागणी. विकत घेतलेल्या जुन्या तंत्राची किल्ली द्या, ही तिची दुसरी बाजू आपण बोललोच नाही.

अमेरिकेतल्या कास्तकाराला ती आपल्याआधी टोचली, कारण त्याच्या ट्रॅक्टरमध्ये संगणक आपल्याआधी आला. जॉन डिअरच्या मोठ्या ट्रॅक्टरमध्ये सुटा भाग बदलला तरी कंपनीचा माणूस येऊन संगणकातून मान्यता देईपर्यंत ट्रॅक्टर उभा. हंगाम चालू, पाऊस डोक्यावर, आणि मेकॅनिक आठवड्याने. तिथले शेतकरी पूर्व युरोपातून फुटलेले सॉफ्टवेअर मिळवून आपलेच ट्रॅक्टर चोरासारखे उघडू लागले. 2015 मध्ये दुरुस्तीसाठी ट्रॅक्टरचे सॉफ्टवेअर उघडण्याला कॉपीराइटच्या नियमातून सूट मिळाली. 2023 मध्ये कोलोरॅडो राज्याने शेती यंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने याच प्रश्नावर डिअरवर खटला भरला. आपल्या जिल्ह्यात आज पस्तीस-चाळीस अश्वशक्तीचे साधे ट्रॅक्टर आहेत, गावचा मिस्त्री ते पान्ह्याने उघडतो. पंपाचे स्टार्टर मात्र मोबाइलवर चालू लागले आहेत, फवारणीचे ड्रोन आले आहेत. ती यंत्रेही संगणकच, आणि त्यांचाही कारभारी कंपनीचाच.

कंपन्या म्हणतात, कुलूप तुमच्याच भल्यासाठी. चोराने फोन नेला तर तुमचे पैसे सुरक्षित राहतात. ते खोटे नाही. जोवर कंपनी कारभाऱ्याची डागडुजी करते तोवर कुलूप असावे, आणि मालकाने ओळख पटवून मागितले तर किल्ली मिळावी. डागडुजी थांबली की जुन्या भोकांतून चोर शिरायला मोकळा होतो आणि बाहेर राहतो तो फक्त मालक. युरोपीय संघाने 20 जून 2025 पासून नियम लागू केला की एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यापासून निदान पाच वर्षे कंपनीने त्याला नव्या आवृत्त्या पुरवल्या पाहिजेत. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक खात्याने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या विषयांत मोबाइल आणि शेती अवजारे दोन्ही घातली, आणि 24 डिसेंबर 2022 ला एक पोर्टल काढले. पोर्टलवर कंपन्यांचे पत्ते आणि माहिती मिळते. हक्क मागायचा तर कायदा हवा, तो झालेला नाही.

या जिल्हा बैठकीत म्हणून दोन ठराव ठेवत आहोत. पहिला सरकारसाठी: जे ॲप सक्तीचे आहे ते साध्या वेबसाइटवरूनही चालले पाहिजे, ग्रामपंचायतीत विनाशुल्क नोंद करून मिळाली पाहिजे, आणि किती जुन्या ॲन्ड्रॉइडवर ते चालेल हे हंगाम सुरू होण्याआधी जाहीर झाले पाहिजे. हमीभाव घ्यायला आधी एक क्विंटल कापसाचा फोन घ्यावा लागत असेल तर ती क्विंटलभराची उणे सबसिडीच आहे. दुसरा कंपन्यांसाठी: कोणत्या वर्षापर्यंत डागडुजी करणार हे डब्यावर किमतीशेजारी छापावे, आणि ते वर्ष सरले की मालकाला किल्ली द्यावी. फोन, टॅबलेट, पंपाचा स्टार्टर, ड्रोन, ट्रॅक्टर, सगळ्यांना हेच लागू. शब्दांत फेरबदल सुचवायचे असतील तर तालुका प्रमुखांकडे आधी लिहून द्या. मागच्या वेळी ठरावाच्या एका स्वल्पविरामावर दीड तास गेला होता.

बैठकीच्या मंडपात मागच्या बाजूला रिसोडचा मुलगा आणि त्याचे दोन मित्र लॅपटॉप घेऊन बसणार आहेत. घरी बाजूला पडलेला जुना फोन, त्याची वायर आणि असेल तर डबा घेऊन या. फोन अर्ध्याहून जास्त चार्ज केलेला असावा, आतले फोटो आणि नंबर आधी काढून ठेवलेले असावेत. यादीत नसलेल्या वाणाला पोरे हात लावणार नाहीत, त्यावरून त्यांच्याशी वाद घालू नये. माझी वीटही टेबलावर ठेवलेली असेल, ज्यांना पाहायची असेल त्यांनी पाहावी.